देवघेव विभागातला लॅपटॉप

लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मिनिटाला मराठीचे 30 किंवा इंग्रजीचे 40 शब्द टाइप करता यायला हवेत. अट जुनीच आहे. पूर्वी ती टाइपरायटरवर सिद्ध करायची असे, आता लोकसेवा आयोगाची कौशल्य चाचणी संगणकावर होते. एमएचटी-सीईटी 2019 पासून संगणकावर गेली. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या वर जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले आणि ती परीक्षाही पडद्यासमोर बसून, माउस हातात धरून द्यावी लागली. परीक्षा अशी भराभर संगणकावर गेली, पण तयारी अजून मोबाइलवरच चालते. ज्या पोराने दोन वर्षं पोटावर मोबाइल ठेवून चालू घडामोडी वाचल्या, त्याच्या हाती परीक्षेच्या दिवशी प्रथमच माउस येतो असंही घडतं.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीत, म्हणजे 2017-18 मध्ये, देशातल्या ग्रामीण भागात 4.4 टक्के आणि शहरांत 23.4 टक्के घरांत संगणक होता. लॅपटॉप आणि टॅब्लेटही त्यातच धरलेले. त्यानंतर स्वस्त डेटा आला, कोविड आला, घरोघरी स्मार्टफोन आले. कीबोर्ड मात्र त्या वेगाने आला नाही. आणि काही कामं अशी आहेत की मोबाइलवर ती होतच नाहीत, किंवा होता होता माणूस रडकुंडीला येतो. फोटो आणि सही ठरावीक केबीत बसवणं, चार प्रमाणपत्रांची एक पीडीएफ करणं, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ओटीपी येईस्तोवर पान टिकवून धरणं, प्रकल्प अहवाल लिहिणं, आणि अर्थातच टायपिंगचा सराव. यातली पहिली तीन कामं पैसे देऊन ऑनलाइन सेंटरवाल्याकडून करून घेता येतात. शेवटच्या दोहोंना स्वतःचाच वेळ आणि स्वतःचीच बोटं लागतात.

नागपुरात या गरजेचं माहेरघर म्हणजे अभ्यासिका. विदर्भातल्या गावागावांतून आलेली मुलं इथे खोली घेऊन राहतात आणि खोलीत झोपण्यापुरतंच असतात. बाकी दिवस अभ्यासिकेतल्या खुर्चीवर. महापालिकेच्या अभ्यासिका आहेत, संस्थांच्या आहेत, आणि गल्लोगल्ली खासगी आहेत, जिथे महिन्याचे पैसे भरून नंबर टाकलेली खुर्ची मिळते. अशा अभ्यासिकेत जागा निवडताना मुलं पहिल्यांदा दोन गोष्टी बघतात: कूलरची हवा कुठवर येते आणि चार्जिंगचा पॉइंट कुठे आहे. पुस्तकांचं कपाट कुठे आहे हे कोणी विचारत नाही, कारण पुस्तकं प्रत्येकाची आपापली असतात. थोडक्यात, जागा, वीज, वायफाय आणि शांतता एवढं अभ्यासिका देते. यंत्र ज्याचं त्याने आणायचं.

दुसरीकडे आपली जुनी सार्वजनिक वाचनालयं. बर्डीवरचं राजाराम सीताराम दीक्षित वाचनालय शंभरी ओलांडून गेलेलं. अशा वाचनालयांकडे एक गोष्ट आहे जी अभ्यासिकेकडे नाही, ती म्हणजे देवघेव विभाग. सभासद करून घेणं, अनामत ठेवणं, वस्तू दिली की नोंद करणं, तारीख उलटली की विलंब शुल्क लावणं, हरवली की भरपाई घेणं ही सगळी यंत्रणा तिथे पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. लॅपटॉप उसना द्यायला याच यंत्रणेची गरज असते. तरीही वाचनालयाच्या कार्डावर लॅपटॉप घरी न्यायचा ही प्रथा आपल्याकडे रुजलेली नाही.

आपल्याकडे रुजलं आहे ते वाटप. तमिळनाडूने 2011 पासून बारावीच्या विद्यार्थ्यांना लाखोंनी लॅपटॉप दिले. खुद्द नागपुरात मुख्यालय असलेली महाज्योती ही संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या जेईई, नीट, सीईटीच्या विद्यार्थ्यांना टॅब्लेट देते आणि सोबत रोजचा 6 जीबी डेटा. योजना चांगली आहे, डेटाचा विचार केला आहे हे तर फारच चांगलं. कारण यंत्र दिलं आणि इंटरनेट दिलं नाही की ते यंत्र सिनेमे बघण्यापुरतं उरतं. पण वाटपाला एक मर्यादा असते. ज्याचं नाव यादीत, त्यालाच ते मिळतं. ज्याची परीक्षा त्या यादीतली नाही, ज्याचं वय उलटलं, जी बाई चाळिशीत घरगुती उद्योगाचा प्रकल्प अहवाल लिहू पाहते, ज्या निवृत्त शिक्षकाला आपल्या गावाचा इतिहास टाइप करून ठेवायचा आहे, त्यांना पंधरा दिवसांपुरतंच यंत्र हवं असतं आणि तेवढंही मिळत नाही.

हिशेब करून बघण्यासारखा आहे. चाळीस हजारांचा लॅपटॉप एकाला देऊन टाकला की एकाचं काम झालं. तोच आठवड्या-आठवड्याने फिरवला, मधले दिवस साफसफाई-दुरुस्तीचे धरून वर्षाला चाळीस वेळा दिला आणि चार वर्षं टिकवला, तर एकशे साठ वेळा जातो. एका खेपेला अडीचशे रुपये पडले. दुरुस्ती, विमा, एखादी नवी बॅटरी धरून साडेतीनशे म्हणा. नागपूरहून मुंबईला परीक्षेला जायचं तर रेल्वेचं स्लीपरचं तिकीट याहून महाग पडतं.

ग्रंथालयाने यंत्रं कशाला सांभाळायची, हा आक्षेप येतोच. त्याला बडोद्याचं उत्तर आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बोर्डेन यांना बोलावून संस्थानात मोफत ग्रंथालयांचं जाळं उभारलं. पुस्तकांच्या कुलूपबंद लाकडी पेट्या खेड्यांत जात आणि वाचून झाल्या की परत येत. याच ग्रंथालय खात्याची एक दृश्यशिक्षण शाखाही होती. सिनेमा दाखवण्याचं साहित्य घेऊन ती लोकांपर्यंत पोचायची, कारण तेव्हाच्या खेड्यात वाचता येणारे थोडे होते. ग्रंथालयाचा धंदा ज्ञान पोचवण्याचा आहे, कागद पोचवण्याचा नाही, हे शंभर वर्षांपूर्वी एका मराठी राजाच्या खात्याला कळलं होतं. मध्ययुगीन युरोपात पुस्तकं इतकी महाग होती की ती मेजाला साखळीने बांधून ठेवत. इंग्लंडमधल्या हेरफोर्डच्या कॅथीड्रलमध्ये तशा साखळ्या आजही बघायला मिळतात. पुस्तकं वापरण्यासाठी आहेत हा पहिला नियम रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडला, तोही ही सांभाळून ठेवण्याची वृत्ती मोडायलाच. आज आपल्या कित्येक वाचनालयांतला संगणक कपड्याच्या कव्हराखाली झाकलेला असतो. साखळी दिसत नाही एवढंच.

अमेरिकेत ही साखळी टप्प्याटप्प्याने सुटली. आधी ग्रंथालयात बसून वापरायचे संगणक आले. मग इमारतीच्या आत कुठेही न्यायचा लॅपटॉप आला. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाने 2013 मध्ये ग्रंथालयात एक यंत्र बसवलं, त्यात ओळखपत्र सरकवलं की मॅकबुक बाहेर येई. पाच तासांपर्यंत फुकट. रात्री उशिरा स्वतःचा लॅपटॉप पाठीवर टाकून रस्त्याने चालायची विद्यार्थ्यांना भीती वाटते, हे त्यामागचं एक कारण होतं. पुढे घरी न्यायचे लॅपटॉप आणि त्यांच्यासोबत खिशात मावणारे वायफाय हॉटस्पॉट आले. कोविडच्या काळात, 2021 मध्ये, तिथल्या सरकारने शाळा आणि ग्रंथालयांना अशी यंत्रं घेऊन लोकांना वापरायला देण्यासाठी 7 अब्ज डॉलरहून मोठा निधी उघडला. 2024 मध्ये तो संपला आणि अनेक ग्रंथालयांपुढे प्रश्न उभा राहिला की यंत्रं आहेत, पण हॉटस्पॉटचं महिन्याचं बिल कोण भरणार. आपल्याकडे कोणी असा उपक्रम आखला तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी कागदावर घ्यावा. खरेदीला दाता मिळतो, उद्घाटनाला पाहुणा मिळतो, रिचार्जला कोणी मिळत नाही.

आता प्रत्यक्ष काम. पुस्तक परत आलं की ग्रंथपाल पानं चाळून बघतो, तारीख मारतो आणि कपाटात ठेवतो. लॅपटॉपचं तसं नाही. तो परत आला की बॅग, चार्जर आणि असेल तर माउस मोजून घ्यायचा. चार्जर ही सर्वांत जास्त हरवणारी आणि सर्वांत जास्त अदलाबदल होणारी वस्तू, म्हणून त्याच्यावरही लॅपटॉपचाच क्रमांक चिकटवलेला हवा. मग बिजागरी आणि पडदा बघायचा, कीबोर्डवर सगळी बटणं उमटतात का ते तपासायचं. यानंतरची पायरी दिसत नाही, पण तीच सगळ्यांत महत्त्वाची. आधीच्या माणसाने त्यावर काय ठेवलं आहे? अनुभव असा की सगळंच ठेवलेलं असतं. डाउनलोडच्या फोल्डरात आधार कार्ड, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक. ब्राउझरमध्ये जपून ठेवलेला पासवर्ड. आणि व्हॉट्सअॅप वेब तसंच चालू. पुढच्या माणसाच्या हाती हे पडणं म्हणजे त्याला आधीच्याचं घरच उघडून दिल्यासारखं.

हे पुसायचं काम माणसावर सोपवलं तर गर्दीच्या दिवशी हमखास राहून जातं. ते यंत्रावरच सोपवायचं. डीप फ्रीझसारखी सॉफ्टवेअर यासाठीच असतात: एकदा संगणकाची स्थिती गोठवली की वापरणाऱ्याने काहीही करो, बंद करून सुरू केलं की यंत्र मूळ स्थितीला येतं. क्रोमबुकमध्ये पाहुण्याच्या खात्याने आत गेलं तर बाहेर पडताच सगळं आपोआप पुसलं जातं. मात्र याची दुसरी बाजू सभासदाला आधीच, मोठ्या अक्षरांत सांगावी लागते. रात्री अकरापर्यंत लिहिलेला अहवाल पेनड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर न टाकता लॅपटॉप बंद केला, तर सकाळी तो अहवाल नसेल. घरी नेण्याच्या लॅपटॉपवर म्हणून दर वेळी न पुसता परत आल्यावरच पुसण्याची पद्धत जास्त सोयीची. फक्त ती करायला कोणीतरी जबाबदार हवा.

जुने लॅपटॉप दान देणारे पुष्कळ भेटतात. कंपन्या यंत्रं बदलतात, डॉक्टरांची मुलं नवी घेतात. इथे जरा सावध राहावं. ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 ची सुरक्षा अद्यतनं सर्वसाधारणपणे थांबली आणि विंडोज 11 बऱ्याच जुन्या यंत्रांवर चढत नाही. त्यावर लिनक्स टाकता येतं, आपल्या सीडॅकचं बॉसही आहे. अर्ज भरायला आणि लिहायला ते पुरतं. टायपिंगच्या परीक्षार्थीसाठी मात्र कळफलकाची मांडणी तपासून द्यायला हवी. मराठी टायपिंग शिकलेल्यांत रेमिंग्टनवाले आहेत आणि इनस्क्रिप्टवालेही. ज्याची बोटं रेमिंग्टनवर बसली आहेत त्याला इनस्क्रिप्ट दिलं तर त्याचा वेग निम्म्यावर येईल. तेव्हा दोन्ही मांडण्या आधीच बसवून ठेवणं आणि ती बदलायची कशी याचा कागद बॅगेत घालणं, एवढं तरी करावं.

नागपूरचा म्हणून एक खास मुद्दा आहे, तो उन्हाळ्याचा. 23 मे 2013 ला इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. लॅपटॉप साधारणपणे 10 ते 35 अंशांत वापरावा आणि बंद असताना 45 अंशांच्या वर ठेवू नये, असं उत्पादक सांगतात. म्हणजे मे महिन्यात दुपारी दोन वाजता स्कूटीच्या डिकीत ठेवलेला लॅपटॉप नियमाबाहेरच असतो. उन्हात उभ्या गाडीची डिकी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी तापते. लिथियम-आयन बॅटरीचं नुकसान अशा वेळी दिसत नाही, साचत जातं. बॅटरीच्या आत रासायनिक क्रिया सतत सुरू असते, उष्णतेने ती वेग घेते, आणि बॅटरी पूर्ण भरलेली असली की आणखी. 40 अंशांत पूर्ण चार्ज करून वर्षभर ठेवलेल्या बॅटरीची क्षमता सुमारे 65 टक्क्यांवर येते. तीच 40 टक्के भरून ठेवली तर 85 टक्क्यांच्या आसपास राहते. वाचनालयाने यातून एवढंच घ्यायचं की सुट्टीत कपाटात ठेवायचे लॅपटॉप अर्धेमुर्धे चार्ज करून ठेवावेत आणि ते कपाट पश्चिमेच्या भिंतीला नसावं. कूलरसमोरही नको; कूलरची दमट हवा आणि तिच्यातून येणारे पाण्याचे तुषार कीबोर्डला मानवत नाहीत. बॅटरी फुगली, म्हणजे टचपॅड उचललेलं दिसलं किंवा झाकण नीट बसेना, तर ते यंत्र देवघेवीतून ताबडतोब काढायचं. तिथे काटकसर नको.

हे सगळं जमण्यासारखं आहे. अडतं ते निराळ्याच ठिकाणी, वहीत. पुस्तकाची नोंद ग्रंथ दाखल नोंदवहीत होते, लॅपटॉपची डेडस्टॉक रजिस्टरला, जिथे टेबल, पंखे आणि लोखंडी कपाटं असतात. दाखल नोंदवहीतली वस्तू बाहेर जाण्यासाठीच असते. डेडस्टॉकमधली वस्तू जागच्या जागी असायला हवी. तपासणीला आलेला माणूस पंखा मोजतो तसा लॅपटॉप मोजतो. पुस्तकं हरवतात हे शासनालाही मान्य आहे. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतला 215 वा नियम सांगतो की वर्षात वाचकांना दिलेल्या किंवा हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ हरवले, आणि त्यात अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल, तर ते वाजवी समजावं. फार शहाणा नियम आहे हा. कोणा प्रशासकाने कधीतरी ओळखलं की एकही पुस्तक हरवू नये असं वाटणारा ग्रंथपाल पुस्तक देणारच नाही. पण त्याच नियमात पुढे आहे की हजार रुपयांहून महाग ग्रंथ आणि दुर्मिळ ग्रंथ हरवला तर चौकशी झालीच पाहिजे. हा नियम केंद्राच्या संस्थांना लागू, राज्यातल्या वाचनालयांची व्यवस्था वेगळी. तरी मनोवृत्ती तीच. हजाराच्या पुस्तकाला चौकशी, तर चाळीस हजारांच्या लॅपटॉपला काय, हा हिशेब प्रत्येक ग्रंथपाल मनात करतो आणि किल्ली खिशात ठेवतो. त्याला दोष देता येत नाही. ज्याच्या पगाराचीच शाश्वती नाही, त्याच्या सहीवर चाळीस हजारांचं यंत्र बाहेर पाठवायचं म्हणजे जोखीम त्याची आणि श्रेय संस्थेचं.

पगाराचा विषय निघाला म्हणून सांगतो. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. त्याच्याही आधी, 1945 मध्ये, कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालय कायदा केला होता, म्हणजे या बाबतीत मराठी मुलूख मागे नव्हता. पण आपल्या कायद्यात ग्रंथालय कर नाही. कर्नाटकात मालमत्ता करासोबत रुपयाला सहा पैसे ग्रंथालयासाठी वेगळे काढले जातात. आपल्याकडे वाचनालयं संस्था चालवतात आणि सरकार अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे परिरक्षण अनुदान देतं. 2022 मध्ये या अनुदानात 60 टक्के वाढ झाली, तरी वाढीव रकमेतूनही पगार, ग्रंथखरेदी आणि वीजबिल भागवताना दमछाक होतेच. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान 1972 पासून सार्वजनिक ग्रंथालयांना साहाय्य देतं, त्याच्या योजनांत संगणकाचाही समावेश आहे. खरेदीची वाट अशी निघू शकते. नुकसानीची वाट संस्थेने स्वतःच काढायला हवी: कार्यकारिणीने ठराव करून ठेवावा की दहा लॅपटॉपमागे वर्षाला एक यंत्र जाईल असं आम्ही धरून चालतो, त्याची तरतूद ही, आणि सहीची जबाबदारी ग्रंथपालाची एकट्याची नाही.

अनामतीचं कोडं उरतं. लॅपटॉपच्या किमतीइतकी अनामत मागितली तर ज्याला त्याची गरज आहे तोच बाद होतो. ज्याच्याकडे चाळीस हजार आहेत तो विकतच घेईल. शंभर-दोनशे ठेवली तर ती यंत्राला संरक्षण देत नाही. मधला मार्ग दोन टप्प्यांचा. पहिले तीन महिने सभासदाने लॅपटॉप चार तासांसाठी घ्यायचा आणि इमारतीतच वापरायचा, ओळखपत्र ठेवून. ज्याचा हात नीट आहे, वेळेवर परत देतो, त्याला पुढे आठवड्यासाठी घरी. ज्या मुलाला अभ्यासिकेत खुर्ची आहे त्याचं काम पहिल्या टप्प्यातच भागतं. दुसरा टप्पा खरा कोणासाठी आहे तर मुलींसाठी. रात्री आठनंतर अभ्यासिकेत थांबू न देणारी घरं नागपुरात आजही कमी नाहीत, आणि टायपिंगचा सराव तर जेवणं आटोपल्यावर, घर शांत झाल्यावरच जमतो. म्हणून घरी नेण्याच्या पहिल्या दहा यंत्रांची यादी करताना कौशल्य चाचणीचं प्रवेशपत्र आलेल्या मुलींची नावं वर घ्यावीत, आणि परतीची तारीख आठवड्याची न लावता चाचणीच्या दुसऱ्या दिवसाची लावावी.